उस्तोजांनी पिल्लाला हात लावला

एर्गाश उस्तोज त्या पहाटे घरातून निघाले ते चोरासारखे. बूट हातात, टोपी खिशात, आणि फाटक कुरकुरू नये म्हणून बिजागरीला आदल्या दिवशीच सरकीचं तेल चोपडून ठेवलेलं.

माणूस एवढी तयारी दोनच कामांसाठी करतो. एक म्हणजे चोरी. आणि दुसरं, ज्या गोष्टीची सव्वीस वर्षं टिंगल केली तीच गोष्ट गुपचूप करायची असेल तर. त्यापेक्षा चोरी बरी. चोराला निदान स्वतःचीच जुनी भाषणं आठवत नाहीत.

आमच्या कोशचिनार गावच्या बागेत, चहाखान्यासमोर, ब्राँझचा पुतळा आहे. काफिल्याचा म्होरक्या, त्याची बसलेली उंटीण, आणि तिला टेकून उभं राहिलेलं पिल्लू. सगळं काळंहिरवं पडलंय, पण चार जागा मात्र अशा लखलखतात की उन्हात डोळे दिपतात. लोकांनी हात लावून लावून घासल्यात. आणि उस्तोज, म्हणजे मास्तर, शाळेत शिकवतात फिजिक्स. दरवर्षी सातवीच्या वर्गाला रांगेनं बागेत न्यायचे आणि छडीनं दाखवायचे, "हे बघा. घर्षण. तुमच्या आयांनी आणि मावश्यांनी मिळून या बिचाऱ्या जनावराचं कातडं सोललंय. नशीब मिळत नाही रे गाढवांनो, हाताला लागतो तो धातू. तोही घरी जाऊन साबणानं धुता." पोरं हसायची. आणि परत निघताना शेवटच्या रांगेतली पोरं हळूच हात लावून घ्यायची, कारण पुढच्या आठवड्यात उस्तोजांचाच पेपर असायचा.

तर असे हे उस्तोज. मग पहाटे बूट हातात घेऊन का निघाले? पोरीसाठी.

सर्विनोज त्यांची एकुलती एक. समरकंदच्या मेडिकलला जायचं, हे एकच वेड. पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत तीन प्रश्नांनी हुकली. दुसऱ्या वर्षी एका प्रश्नानं. एका! आता तिसरी खेप, अकरा दिवसांवर आलेली, आणि हीच शेवटची. या वर्षीही नाही जमलं तर कत्ताकुर्गानच्या आत्यानं आणलेल्या स्थळाला हो म्हणायचं, असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आत्यानं ठरवलं होतं आणि बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या. स्थळ वाईट नव्हतं. टाइल्सचं दुकान होतं. पण पोरीला माणसाची हाडं पाठ होती, तिनं टाइल्सचं काय करायचं?

आदल्या दिवशी दुपारी उस्तोजांनी पाहिलं, पोर पुस्तकावरच झोपलेली. गालाला शाई लागलेली, आणि झोपेतही ओठ हलतायत. त्यांना वाटलं, आपण सोडून अख्ख्या गावानं आपापल्या पोरांसाठी तिथं हात लावलाय. आपण तेवढे शहाणे, आणि आपल्याच शहाणपणापायी पोर एका प्रश्नानं हुकली तर?

"प्रयोग," उस्तोज स्वतःशी म्हणाले. "हा निव्वळ एक प्रयोग आहे." शिकलेला माणूस घाबरला की असंच काहीतरी म्हणतो.

बागेत कुणी नव्हतं. उस्तोजांनी बूट घातले, टोपी नीट केली आणि पुतळ्यासमोर उभे राहिले. आणि तिथं त्यांना घाम फुटला. परीक्षेसाठी कुठं हात लावायचा असतो?

चार जागा. म्होरक्याच्या बुटाचं टोक, उंटिणीच्या गळ्यातली घंटा, उंटिणीचं नाक आणि पिल्लाची मान. कोशचिनारमधलं चार वर्षांचं पोरही सांगेल कोणती कशासाठी. पण सव्वीस वर्षांत कुणी सांगायला लागलं की उस्तोज कानावर हात ठेवायचे. आता विचारणार कुणाला? म्होरक्याला?

मग त्यांनी जे केलं ते फक्त फिजिक्सचा मास्तरच करू शकतो. त्यांनी तर्क लढवला. जिथं घर्षण जास्त, तिथं चकाकी जास्त. जिथं चकाकी जास्त, तिथं माणसं जास्त. आणि गावात सगळ्यात जास्त गरजू कोण? विद्यार्थी! म्हणजे सगळ्यात चकचकीत जागा ती परीक्षेची. उस्तोजांनी चष्मा पुसला, वाकून चारही जागा तपासल्या. पिल्लाची मान आरशासारखी होती, त्यात त्यांचं नाक दिसत होतं. सिद्ध झालं!

मग लावायचाच तर नीट लावावा म्हणून दोन्ही हात लावले. तीनदा चोळले. डोळे मिटले, तळवे तोंडावरून फिरवले, आणि वळून बघतात तर समोर बिबिसारा आपा, दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या घेऊन उभ्या.

बिबिसारा आपा आमच्या मोहल्ल्यात दूध आणि दही घालतात. साठीच्या आहेत, आणि दुधाबरोबर बातमी फुकट देतात. दुधात पाणी असतं, बातमीत कधी नसतं, असं त्या स्वतःच म्हणतात. आता त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.

"उस्तोज," त्या म्हणाल्या, "लाजू नका. अल्ला देतो. उशिरा का होईना, देतो."

"होय, होय," उस्तोज म्हणाले. "या वर्षी व्हायला हवं."

"होणार. मी दुआ करीन." आणि त्या निघाल्या. जवळजवळ पळतच.

उस्तोजांना बरं वाटलं. किती समजूतदार बाई, मनात आलं. आता इथंच खरं तर त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, की परीक्षेसाठी असतं उंटिणीचं नाक. बूट परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी, घंटा लग्नासाठी. आणि पिल्लाच्या मानेला हात लावतात तो पाळणा हलावा म्हणून. ती मान सगळ्यात चकचकीत का, तर या गावात परीक्षा वर्षातून एकदा असते, आणि पोरं मागायला वेळकाळ लागत नाही. एवढं साधं! पण नाही, तर्क लढवायचा.

साडेसातला उस्तोज रोटी आणायला तंदूरवालीकडे गेले. त्यांनी दोन मागितल्या तर तिनं चार दिल्या. "राहू द्या," ती म्हणाली. "आता तिनं दोघांचं खायला हवं."

कोण दोघं, हे उस्तोजांच्या लक्षात आलं नाही. पुढं न्हाव्याच्या दुकानात बसले. गफूर न्हाव्यानं मानेभोवती कापड बांधलं, कात्री हातात घेतली आणि कानाशी तोंड आणलं.

"उस्तोज, बेदाणे. रोज सकाळी एकवीस, उपाशीपोटी."

"कशाला?"

"आता ते मी तुम्हाला सांगायचं का? तुम्ही विज्ञानवाले." आणि त्यानं आरशातून डोळा मारला. "पण मानलं हां. एक्कावन्न म्हणजे काही वय नाही. माझ्या आजोबांनी तर दातांची कवळी लावून..."

"गफूर, काय बोलतोयस तू?"

गफूरनं सांगितलं. खुर्चीवरून उस्तोज उठले ते अर्ध्या डोक्याचेच केस कापलेले. तसेच घरी पळाले. दारात बायकांच्या चपला होत्या. मोजल्या, सोळा. म्हणजे आठ बायका, सकाळी सव्वाआठला.

आत जमिनीवर खाण्यापिण्याचं कापड, दस्तरखान, अंथरलेलं. मधोमध, चार उशा पाठीला लावून, त्यांची बायको होसियत बसलेली. तिचा चेहरा सकाळी असतो तसा नव्हता. जरा लाल, जरा गोंधळलेला, आणि खरं सांगायचं तर जरा खूशही. आणि सर्विनोज? सर्विनोजच्या हातात चहाची किटली होती.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळा घोळ तिच्यावरच आहे. पाहुण्याला पेला भरून चहा दिला तर त्याचा अर्थ होतो, पी आणि नीघ. मान द्यायचा तर तळाशी दोन घोट ओतायचे. पाहुणा जितका मोठा, चहा तितका थोडा. आणि चहा जितका थोडा, फेऱ्या तितक्या जास्त. आणि फेऱ्या कुणी मारायच्या? घरच्या पोरीनं. तशी रीतच आहे. पोर कामसू आहे की नाही ते पाहुण्या त्यावरूनच जोखतात. उस्तोजांनी दारात उभ्या उभ्या हिशेब केला: आठ बायका, बाईमागे सात पेले, तासाला छप्पन्न वेळा ओतणं. त्यात शरीरशास्त्राचं पान किती उलटणार? शून्य.

"बिबिसारा आपा," त्यांनी आवाज चढवला, "मी हात परीक्षेसाठी लावला होता. पोरीच्या परीक्षेसाठी!"

बायका एकमेकींकडे बघून गोड हसल्या.

"उस्तोज, परीक्षेला नाक असतं," बिबिसारा आपा लहान पोराला समजावतात तसं म्हणाल्या. "अख्ख्या दुनियेला माहितीये. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला माहीत नसेल होय? पुरुष लाजतात. माझा नवराही लाजायचा. सहा झाली तरी लाजायचा."

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? खरं बोलायचं तर कबूल करायला हवं की सव्वीस वर्षं ज्याच्यावर व्याख्यानं झोडली त्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही. उस्तोजांनी अर्ध्या डोक्यावर टोपी ओढली आणि बाहेर आले.

संध्याकाळी बायका गेल्यावर त्यांनी होसियतला गाठलं.

"तू एकदा सांग ना त्यांना."

"काय सांगू?"

"की तसं काही नाही."

"मी कुठं म्हटलं तसं काही आहे?"

"पण नाही असंही म्हणाली नाहीस!"

"मला कुणी विचारलंच नाही, सर्विनोजचे बाबा." ती शांतपणे म्हणाली. "आज दुपारी तासभर पोस्टात कामावर गेले तर खिडकीमागे खुर्ची होती. वीस वर्षं मी त्या खिडकीमागे उभी आहे. दरवर्षी अर्ज करते. दरवर्षी उत्तर येतं, दोन नंबरच्या खिडकीला खुर्ची मंजूर नाही. आज साहेब स्वतः आपली खुर्ची घेऊन आले. म्हणाले, बसा, होसियत आपा. मी बसले. खोटं एक अक्षर बोलले नाही. नुसती बसले."

 वीस वर्षांत बायको उभ्यानं काम करते हे उस्तोजांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि पोरीचा अभ्यास?" ते म्हणाले.

होसियतचा चेहरा पडला. "मी उठायला गेले की त्या मला धरून बसवतात. मग चहा कुणी द्यायचा? तुम्ही देणार?" आणि हे बोलताना तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. उस्तोज चहाची किटली घेऊन बायकांच्यात! उस्तोजांना ते हसणं फार लागलं. त्यांनी ठरवलं, हा प्रश्न पुरुषासारखा सोडवायचा. म्हणजे, सरकारी कागदानं.

दुसऱ्या दिवशी मोहल्ला कमिटीत गेले. रईस, म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, नोरमुराद अका टेबलामागे, त्यांच्यासमोर मखमली डबीत शिक्का. मोहल्ल्यात त्या शिक्क्याशिवाय माणूस जिवंतही धरत नाहीत आणि मेलेलाही.

"बोला, उस्तोज. अभिनंदन."

"दाखला हवाय. मी पुतळ्याला हात परीक्षेसाठी लावला, मुलासाठी नाही, असा."

रईसनी चष्मा काढला. "माझ्याकडे सत्तावीस प्रकारचे दाखले आहेत. माणूस इथं राहतो याचा. राहत नाही याचा. गाय आहे याचा. गाय मेली याचा. मूल होणार नाही याचा नमुना अजून वरून आलेला नाही."

"मग साध्या कागदावर लिहा."

"लिहीन की. पण उद्या मूल झालं तर? माझ्या शिक्क्याची काय इज्जत राहिली? तुम्ही असं करा, आरोग्य केंद्रातून आधी चिठ्ठी आणा."

आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, "बाईंना घेऊन या, तपासते."

"बाई येत नाहीत."

"का बरं?"

"बसल्यात," उस्तोज म्हणाले. रागात माणूस खरं बोलतो, तसं.

नर्सचा चेहरा एकदम गंभीर झाला. बसल्यात? उठवत नाही त्यांना? तिनं वहीत लिहून घेतलं, आणि त्याच दुपारी वजनकाटा काखोटीला मारून घरी आली. होसियतचं वजन केलं, बायकांना चार गोष्टी सांगितल्या, आणि बसली. सर्विनोजनं तिला अकरा पेले चहा दिला. उस्तोज गेले होते एक पाहुणी कमी करायला, एक वाढवून आले.

आणि जे यायचं बाकी होतं ते तिसऱ्या दिवशी आलं. छोट्या ट्रकमधून. आधी उतरली उस्तोजांची सासू, मग तिच्या दोन बहिणी, मग एक मेंढी, आणि मग, रंगीत कापडात गुंडाळलेला, नव्या रंगाचा वास येणारा, लाकडी पाळणा. पाळणा मुलीच्या माहेरानंच आणायचा असतो. पण तो मूल झाल्यावर! सासूबाईंना सत्तराव्या वर्षी एवढी वाट बघायची नव्हती.

"पोटच्या पोरीची बातमी मला दूधवालीच्या मेहुणीकडून कळते!" अंगणातूनच सासूबाईंचा आवाज चढला. "आणि तुम्ही जावईबापू, असे काय बघताय? मेंढी धरा!"

उस्तोजांनी मेंढी धरली. अंगणात आता चौदा बायका होत्या. पाळण्याभोवती गर्दी, जी ती त्याच्या लाकडावर टिचक्या मारून बघतोय. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या दोघी, ज्यांना उस्तोज ओळखतही नव्हते, मेंढीला किती चरबी आहे यावर वाद घालत होत्या. उस्तोज मेंढी जर्दाळूच्या झाडाला बांधून स्वयंपाकघरात गेले, निदान तिथं तरी कुणी नसेल म्हणून.

तिथं सर्विनोज होती. चुलीवर तीन किटल्या. भिंतीवर, चहाच्या डब्यावर, मिठाच्या भांड्यावर, जिथं जागा तिथं कागद चिकटवलेले. ती एका हातानं किटलीत पाणी ओतत होती आणि डोळे मिटून पुटपुटत होती. उकळतं पाणी हातावर गेलं. ती ओरडली नाही. हात नुसता थंड पाण्यात धरला आणि तशीच उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, पाठमोरीच. "सकाळपासून मी मूत्रपिंडावर आहे."

उस्तोजांनी मिठाच्या भांड्यावरचा कागद बघितला.

"कालही मूत्रपिंडावरच होते. परवाही. मला माणसाच्या आत फक्त मूत्रपिंड दिसतंय आता. यकृत राहिलंय, हृदय राहिलंय, अख्खा मेंदू राहिलाय. आठ दिवस आहेत." मग एकदम वळून म्हणाली, "टाइल्सच्या दुकानात मेंदू नाही लागत ना? मग ठीक आहे. राहू दे."

ती रडली असती तर उस्तोजांनी समजूत काढली असती. रडणाऱ्या पोरांची त्यांना सवय होती, दर निकालाला रडायची. पण ती असं कोरडं बोलली, आणि ओल्या हातानंच किटली उचलायला लागली.

"सोड," उस्तोज म्हणाले.

"काय?"

"किटली सोड. मागच्या खोलीत जा, गाद्यांमागे. आतून कडी लाव. कुणी हाक मारली तरी उघडायचं नाही."

"बाबा, बाहेर चौदा बायका आहेत."

"मला मोजता येतं," उस्तोज म्हणाले, आणि किटली उचलली.

पुरुषानं बायकांच्या बैठकीत चहा नेणं! अहो, लग्नात हजार माणसांचा पुलाव रांधायला पुरुष चालतो, पण बायकांच्या दस्तरखानाशी वाकून पेल्यात चहा ओतायला? जन्मात कुणी बघितलं नव्हतं. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर अर्धे केस, हातात किटली, असे उस्तोज दारात उभे राहिले तेव्हा आत येऊन बसलेल्या बायकांत असं चिडीचूप झालं की मेंढी चघळत होती तेही ऐकू आलं.

उस्तोज सासूबाईंसमोर वाकले. दोन घोट ओतले. किटली जास्त कलली, थेंब दस्तरखानावर पडला. मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. कान लालभडक. होसियतचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिच्यापुढं आले तेव्हा तिनं पेला पुढं केला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की ते ओतायचे थांबेचनात. पेला काठोकाठ भरला. तिनं तो तसाच तोंडाला लावला.

ते दाराबाहेर पडताच आत गलका झाला.

"आता तर नक्कीच!" बिबिसारा आपांचा आवाज सगळ्यांच्या वर. "नवरा चहा आणतोय म्हणजे बाईला जागचं हलायला बंदी आहे! मी सांगते, जुळी आहेत!"

भिंतीपलीकडे उस्तोजांनी ऐकलं. परत आत जावं आणि सगळं एकदा धडाधड सांगून टाकावं, असं मनात आलं. घर्षणासकट. पण तेवढ्यात दुसरी किटली उकळली.

त्यानंतरचे आठ दिवस उस्तोजांच्या अब्रूचं काय झालं ते विचारू नका. बातमी पसरली की पोरं मागणं राहिलं बाजूला, एर्गाश उस्तोज स्वतः चहा देतात! झालं, बघायलाच बायका यायला लागल्या. शेजारच्या गावातून सुद्धा. रईसची बायको आली, तिनं तर परत परत पेला पुढं केला, नुसतं त्यांना वाकताना बघायला. शाळेचे हेडमास्तर गच्चीच्या डागडुजीचं विचारायला आले, किटलीकडे बघून म्हणाले, "मी नंतर येतो," आणि आलेच नाहीत. चहाखान्यातले म्हातारे लांबून ओरडायचे, "उस्तोज, आमच्याकडे माणूस कमी आहे! टॉवेल आम्ही देऊ!"

"आधी चहाखान्याची मागची उधारी द्या, मग टॉवेल द्या!" उस्तोज ओरडायचे. कारण चौथ्या दिवसापासून त्यांना राग कमी आणि सराव जास्त झाला होता. किटलीचं तोंड किती अंशात कललं की थेंब पडत नाही ते त्यांनी काढलं होतं. एका फेरीत सहा पेले. सासूबाईंच्या बहिणी तर म्हणायला लागल्या की पोरीपेक्षा बापाचा हात हलका आहे.

आणि रोज संध्याकाळी, पाहुण्या चपला शोधत असताना, मागच्या खोलीतून, गाद्यांच्या ढिगाआडून आवाज यायचा.

"बाबा! यकृत झालं!"

दुसऱ्या दिवशी, "बाबा! हृदय झालं!"

"काय झालं म्हणाली?" सासूबाई घाबरायच्या. "कुणाच्या हृदयाला काय झालं?"

"काही नाही, आई. चहा घ्या."

सहाव्या दिवशी तिचा आवाज आला, "मेंदू सुरू!" आणि का कोण जाणे, उस्तोजांच्या हातातून त्या दिवशी पहिल्यांदा पेला निसटून फुटला.  होसियत स्वतः उठली आणि तुकडे वेचले. बायकांनी तिला धरून बसवायला हात पुढं केले, तर म्हणाली, "असू दे. थोडं उठायचं असतं."

परीक्षेच्या दिवशी सर्विनोज समरकंदला गेली. आणि सोमवारी होसियतनं पोस्टात जाऊन साहेबांना सरळ सांगितलं, की तसं काही नव्हतं. साहेबांना इतकं वाईट वाटलं की खुर्ची परत न्यायची त्यांना हिंमत झाली नाही. ती अजून दोन नंबरच्या खिडकीमागे आहे. मोहल्ल्यातल्या बायका दोन दिवस हळहळल्या, आणि हळहळायला आल्या तेव्हा पुन्हा चहा प्यायल्या. पाळण्यात सध्या खरबुजं ठेवतात.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. सर्विनोजचं नाव होतं. शेवटून दुसरं, एका प्रश्नानं वर. गेल्या वर्षी एका प्रश्नानं खाली, या वर्षी एका प्रश्नानं वर. उस्तोजांनी यादी चार वेळा वाचली. मग अंगणात गेले, जर्दाळूच्या झाडाकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत राहिले. कत्ताकुर्गानच्या आत्याला फोन होसियतनं केला. फोन फार लहान झाला.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. कसलं संपतंय! यश मिळालं की ते कुणामुळे मिळालं हे ठरवल्याशिवाय आमच्या मोहल्ल्यात कुणाला झोप येत नाही. आणि ते ठरवलं बिबिसारा आपांनी. पिल्लानं देऊ केलं होतं मूल, पण बाईचं वय सेहेचाळीस. मग पिल्लानं काय केलं? आहे त्याच मुलीचं भलं केलं. पण उगाच नाही केलं हां, बापानं आठ दिवस स्वतःच्या हातानं चहा वाटला, तेव्हा केलं. नाकाला हात लावून काय होतं? दोन वर्षं त्या तेलवाल्याच्या पोरीसाठी नाकाला हात लावला, झाली का पास?

झालं. ही बातमी दुधाबरोबर घरोघर गेली.

पुढच्या जूनमध्ये, परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले असताना, उस्तोज सकाळी रोटी आणायला निघाले. पुतळ्यापाशी रांग होती. सगळे बाप, टोप्या घालून, खाली मान घालून. पिल्लाच्या मानेला हात लावून जो तो घाईनं घरी पळत होता. गल्लीतून येताना उस्तोजांनी डावी-उजवीकडे बघितलं. गफूर न्हावी, खांद्यावर टॉवेल, अंगणात सासरच्या बायकांपुढं वाकलेला, आणि खिडकीत त्याची मधली पोर, पुस्तकात नाक खुपसून. पुढच्या घरात तेलवाला. त्याच्या पुढं तंदूरवालीचा नवरा, हातात किटली धरून असा उभा की जणू त्यात साप आहे. उस्तोजांनी मोजले, सात बाप.

सव्वीस वर्षांचं भाषण त्यांच्या जिभेवर आलं होतं. घर्षण, धातू, गाढवांनो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी बाही ओढली. रईस नोरमुराद अका होते, घामाघूम. त्यांची नात या वर्षी परीक्षेला बसणार होती.

"उस्तोज," रईस इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "तुम्ही विज्ञानवाले. खरं सांगा. मी चार दिवस चहा दिला. काल बायकोची सगळी माहेरची मंडळी आली होती, वीस बायका. माझी कंबर गेली. आजच्या दिवस नातीनंच दिला चहा, तर चालेल ना? एक दिवसानं असं काय होतंय?"

उस्तोजांनी त्यांच्या खांद्यावरून त्यांच्याच अंगणात बघितलं. पायरीवर रईसची नात उभी होती, एका हातात पुस्तक, बोट पानात घालून धरलेलं, दुसरा हात किटलीकडे चाललेला.

"नाही चालणार, अका," उस्तोज म्हणाले.

"एकच दिवस!"

"एक दिवस सुद्धा नाही." उस्तोजांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि सातवीच्या वर्गाला नियम सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "पोरीचा हात किटलीला लागला ना, की सगळं उलटं पडतं. मी स्वतः बघितलंय."

रईसचा चेहरा पांढरा पडला. ते वळले आणि दुखऱ्या कंबरेनिशी, दोन्ही हात पुढं करून, अंगणात पळत सुटले.